स्कोलिओसिस : पाठीचा फोटो कधी काढावा, कसा काढावा, कसा वाचावा

बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा गणवेश शिवायला टाकला की कधी कधी शिंपीच प्रथम सांगतो की हिचा एक खांदा वर आहे. कधी वेणी घालताना आईच्या लक्षात येते की पाठीवरचे एका बाजूचे हाड जास्त उठून दिसते आहे. घरातली पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘पोक काढून बसू नकोस’ अशी असते आणि त्या टोकण्यात सहा-आठ महिने सहज निघून जातात. पुढे केव्हातरी खोकल्यासाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेच्या अहवालात ‘स्कोलिओसिस’ हा शब्द येतो आणि मग सगळे घर एकदम घाबरते.

उपचार कोणता करायचा हा निर्णय मणक्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांचा आहे आणि तो त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. मात्र एक्स-रेची चिठ्ठी घेऊन केंद्रावर जाणे, मुलाला उभे करणे, फिल्म सांभाळणे आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा घेऊन जाणे ही कामे पालकांची असतात. या कामांत चूक झाली तर उत्तम डॉक्टरांच्या हातातही चुकीचा आकडा पडतो. म्हणून या लेखात प्रामुख्याने त्या फोटोविषयीच लिहिले आहे.

बाक म्हणजे नेमके काय

पाठीचा कणा मागून पाहिला तर सरळ दिसतो आणि बाजूने पाहिला तर त्याला नैसर्गिक वळणे असतात. मानेचे ७, छातीच्या मागचे १२ आणि कंबरेचे ५ असे २४ मणके एकावर एक बसलेले असतात. स्कोलिओसिसमध्ये मागून दिसणारी ही सरळ रेष एका बाजूला झुकते. परंतु केवळ झुकणे म्हणजे स्कोलिओसिस नव्हे, कारण झुकता झुकता मणके स्वतःभोवती फिरतातही, ओला टॉवेल पिळावा तसे. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे मणका फिरला की एका बाजूच्या बरगड्या मागे ढकलल्या जातात आणि पाठीवर उंचवटा दिसू लागतो. शिंप्याला किंवा आईला प्रथम दिसते ते हेच फिरणे. बाजूने पाहताना दिसणारे कुबड हा वेगळा विकार आहे. दोन्ही एकत्र असू शकतात, पण एक म्हणजे दुसरा नव्हे.

एक्स-रेवर मोजलेला बाक किमान १० अंशांचा असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणण्याचा संकेत आहे. त्याहून कमी असलेला कल अनेक निरोगी माणसांत आढळतो आणि त्याला आजाराचे नाव देण्याचे कारण नाही.

सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये या बाकाचे निश्चित कारण सापडत नाही. वयात येताना दिसणारा हा प्रकार १० ते १६ वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण दोघा-तिघांत आढळतो. लहान बाक मुलगे आणि मुली यांच्यात जवळपास सारख्या प्रमाणात दिसतो, पण वाढत जाऊन उपचारांची गरज पडणारा मोठा बाक मुलींमध्ये कितीतरी पटींनी जास्त असतो. त्यात आनुवंशिकतेचा काही वाटा आहे. दप्तराचे ओझे, एका कुशीवर झोपणे, वाकून मोबाईल पाहणे यांमुळे पाठ दुखू शकते, पण स्कोलिओसिस होत नाही. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की अशा घरांत मुलीला आणि तिच्या आईला विनाकारण दोष दिला जातो.

उरलेल्या रुग्णांत कारण सापडते आणि तिथे तपासणीची दिशा बदलते. काही बाळांत गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांतच मणका अर्धाच तयार होतो किंवा दोन मणके एका बाजूने जोडलेले राहतात. त्याच काळात मूत्रपिंडे आणि हृदयही घडत असल्यामुळे अशा मुलांच्या पोटाची सोनोग्राफी आणि हृदयाचा इको करून घ्यावा लागतो. सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार, पूर्वी झालेला पोलिओ यांत स्नायूंचा तोल बिघडून कणा वाकतो. उतारवयात मणक्यांमधल्या गाद्या आणि सांधे झिजून येणारा बाक हा पुन्हा वेगळा विषय आहे आणि तिथे तक्रार दिसण्याची नसून कंबरदुखीची व पायात उतरणाऱ्या कळेची असते.

फोटोच्या आधी घरी काय पाहावे

मुलाला पाठमोरे, अनवाणी आणि सैल उभे करावे आणि चांगल्या उजेडात खांदे, खांद्यामागची हाडे, कंबरेची खाच आणि लोंबते हात यांच्याकडे पाहावे. हात आणि कंबर यांच्यामधली पोकळी दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर ती खूण खांद्यांच्या उंचीपेक्षा जास्त विश्वासाची असते. त्यानंतर पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात एकमेकांवर धरून मुलाला सावकाश पुढे वाकायला सांगावे आणि आपली नजर पाठीच्या पातळीवर आणावी. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर मणके फिरलेले असण्याची शक्यता असते.

ही चाचणी इंग्लंडमधले शल्यचिकित्सक विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने ओळखली जाते आणि त्यांनी तिचे वर्णन १८६५ मध्ये केले, म्हणजे राँटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले त्याच्या तीस वर्षे आधी. अ‍ॅडम्स यांनी अभ्यासलेला एक कणा गिडियन मॅन्टेल यांचा होता. इग्वानोडॉन या डायनासोरच्या अवशेषांचे वर्णन करणाऱ्या या डॉक्टरांना आयुष्याची शेवटची दहा-अकरा वर्षे पाठीच्या वेदनांनी छळले होते आणि कणा किती वाकला आहे हे १८५२ मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनातच नीट कळले. जिवंत माणसाचा कणा आत पाहण्याची सोय नसल्यामुळे त्या काळच्या डॉक्टरांना पाठ बाहेरून वाचावी लागत असे आणि ती कला अजूनही उपयोगाची आहे.

डॉक्टर हाच उंचवटा स्कोलिओमीटर नावाच्या छोट्या उपकरणाने मोजतात. त्याची रचना गवंड्याच्या पाणसळीसारखी असते आणि तसेच काम करणारी मोबाईल अ‍ॅपही आहेत. वाकलेल्या पाठीवर ७ अंश किंवा त्याहून अधिक कल आला तर एक्स-रे काढावा, असा बहुतेक ठिकाणचा संकेत आहे. काही ठिकाणी ५ अंशांवरच सावध होतात. हे अंश आणि पुढे येणारे एक्स-रेवरचे अंश एक नव्हेत, हे लक्षात ठेवावे. एक साधी शंकाही इथेच फेडून घ्यावी. मुलाला स्टुलावर बसवून पुन्हा वाकवले आणि उंचवटा नाहीसा झाला तर दोष कण्यात नसून दोन पायांच्या लांबीतल्या फरकात असू शकतो.

फोटो काढताना

आपल्याकडे पाठीची तक्रार आली की चिठ्ठीवर बऱ्याचदा ‘डीएल स्पाइन, एपी-लॅटरल’ (लॅटरल म्हणजे बाजूने) असे लिहिले जाते आणि रुग्णाला टेबलावर झोपवून छातीचा खालचा भाग व कंबर यांचा फोटो काढला जातो. पडल्यावर हाड मोडले आहे का, हे पाहण्यासाठी तो ठीक आहे. स्कोलिओसिससाठी तो जवळपास निरुपयोगी आहे, कारण आडवे झाल्यावर शरीराचा भार कण्यावरून उतरतो आणि बाक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. शिवाय बाकाची वरची किंवा खालची बाजू फोटोच्या बाहेर राहते. यासाठी चिठ्ठीवर ‘होल स्पाइन, स्टँडिंग, पीए’ असे लिहिलेले असावे, नसल्यास डॉक्टरांना विचारावे. होल स्पाइन म्हणजे मानेपासून कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचा पूर्ण कणा आणि स्टँडिंग म्हणजे उभ्याने. पीए म्हणजे किरण पाठीकडून शिरून छातीकडून बाहेर पडतात अशी मांडणी. एपीमध्ये हे उलटे असते. वाढत्या वयातल्या मुलींसाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पीए फोटोत स्तनांच्या ऊतींपर्यंत पोहोचणारे किरण अनेक पटींनी कमी होतात.

बाजूने घेतलेला फोटो पहिल्या वेळी आवश्यक असतो, कारण कण्याची नैसर्गिक वळणे कशी आहेत हे त्याशिवाय कळत नाही. पुढच्या प्रत्येक वेळी तो लागेलच असे नाही आणि लागत नसेल तर काढू नये.

लहान गावांत अडचण येते ती फिल्मच्या आकाराची. नेहमीची मोठी कॅसेट १४ बाय १७ इंचांची असते आणि शाळकरी मुलाचा अख्खा कणा तिच्यात मावत नाही. डिजिटल यंत्रांवर दोन किंवा तीन फोटो घेऊन संगणकावर जोडले जातात आणि ते नीट जोडले तर मोजमापासाठी चालतात. मात्र त्या काही सेकंदांत मूल हलले तर जोडाच्या जागी बरगडी किंवा मणक्याची कड तुटलेली दिसते. अशी पायरी दिसली तर तिथेच सांगावे. दोन सुट्या फिल्म चिकटपट्टीने जोडून दिल्या गेल्या तर त्यांवर अंश मोजण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या रुग्णालयात एक दिवस काढून एकच धड फोटो घेणे चांगले, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत ईओएस नावाचे यंत्र आहे. त्यात मूल एका उभ्या कक्षात उभे राहते आणि समोरून व बाजूने असे दोन्ही फोटो एकाच वेळी, डोक्यापासून पायांपर्यंत, कमी किरणांत मिळतात. अणूंमधले सूक्ष्म कण टिपणाऱ्या उपकरणांसाठी १९९२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जॉर्ज शार्पाक यांच्या संशोधनातून ते निघाले. ते उपलब्ध असेल तर उत्तम, पण नसेल तर मुलाचे नुकसान झाले असे समजण्याचे कारण नाही. साध्या यंत्रावर शिस्तीने काढलेला फोटो निर्णयासाठी पुरेसा असतो.

केंद्रावर जाताना मुलाच्या गळ्यातली साखळी, ताईत, धातूच्या हुकांचे आतले कपडे आधीच काढून ठेवावेत आणि लांब केस डोक्यावर बांधावेत. चपला-बूट काढून, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून, गुडघे सरळ ठेवून मुलाने नेहमी उभे राहते तसेच उभे राहावे. ‘फोटो काढायचा आहे, ताठ उभी राहा’ असे आईवडील बाहेरून ओरडतात आणि मूल त्या क्षणापुरते अंग ताणते. तो ताण फोटोत उतरतो आणि पुढच्या वेळी मूल सैल उभे राहिले की बाक वाढल्याचा भास होतो. पायांच्या लांबीत फरक असल्याचे माहीत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आखूड पायाखाली ठोकळा ठेवून फोटो घेतात आणि त्या ठोकळ्याची जाडी फोटोवर लिहून ठेवावी लागते. उभे राहता न येणाऱ्या मुलाचा फोटो बसवून घेतात. बसवून घेतला आहे हेही त्यावर नोंदलेले हवे. बाकाची मोजणी दिवसभरातही थोडी बदलते, सकाळपेक्षा संध्याकाळी काही अंश जास्त येऊ शकतात, म्हणून दर वेळी शक्यतो एकाच केंद्रावर आणि साधारण एकाच वेळेला जावे.

फोटो वाचताना

पालकांनी स्वतः निदान करावे असे नाही, पण हातातल्या फिल्मवर काय दिसते आहे हे कळले तर डॉक्टरांशी बोलणे सोपे जाते. प्रथम डावे-उजवे ठरवावे. रेडिऑलॉजिस्ट फोटो पाहतात तो रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा असल्यासारखा, तर मणक्यांचे शल्यचिकित्सक बहुधा तो पाठमोरा धरतात, म्हणजे मुलाची उजवी बाजू त्यांच्याही उजवीकडे येते. एकच फिल्म दोन ठिकाणी उलटसुलट लावलेली पाहून पालक गोंधळतात. फोटोवर उजव्या किंवा डाव्या बाजूची खूण असतेच. तरीही शंका वाटल्यास हृदयाची सावली आणि जठरातल्या हवेचा काळा बुडबुडा बहुतेक सर्वांत डावीकडे असतो, हे आठवावे. बाकाला नाव मिळते ते तो ज्या बाजूला फुगलेला असतो त्या बाजूचे. अहवालात ‘डेक्स्ट्रोस्कोलिओसिस’ म्हणजे उजवीकडे फुगलेला आणि ‘लेवोस्कोलिओसिस’ म्हणजे डावीकडे फुगलेला बाक. हे दोन निराळे आजार नव्हेत.

त्यानंतर येतो तो आकडा ज्यावर सगळे अवलंबून असते. न्यूयॉर्कचे अस्थिशल्यचिकित्सक जॉन रॉबर्ट कॉब यांनी १९४८ मध्ये सांगितलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत जास्त कललेला मणका शोधायचा आणि त्याच्या वरच्या कडेला समांतर रेघ ओढायची. खालच्या टोकाच्या सर्वांत कललेल्या मणक्याच्या खालच्या कडेला दुसरी रेघ ओढायची. या दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉब कोन. कंपासपेटीतल्या कोनमापकानेही तो येतो, आता संगणकावर मोजतात एवढेच. अहवालात कोणत्या दोन मणक्यांमध्ये मोजले तेही लिहिलेले असले पाहिजे, कारण पुढच्या वेळी मणके बदलले तर कोनही बदलतो. नुसते ‘सौम्य स्कोलिओसिस’ असे लिहून दिले असेल तर कोन किती, हे नम्रपणे पण आग्रहाने विचारून घ्यावे.

या मोजणीला मर्यादा आहेत. एकाच फिल्मवर दोन निष्णात डॉक्टरांनी कोन मोजला तरी ३ ते ५ अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे मार्चमध्ये २२ आणि सप्टेंबरमध्ये २४ अंश आले म्हणून बाक वाढला असे म्हणता येत नाही, आणि २२ वरून २० आले म्हणून मालिशीचा किंवा कुठल्या तेलाचा गुण आला असेही म्हणता येत नाही. ५-६ अंशांच्या पुढचा फरकच खरी वाढ मानतात. ‘अमक्या उपचाराने तीन अंश कमी झाले’ अशा जाहिरातींचे मूल्य यावरून ठरवावे.

कोनाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट त्याच फोटोच्या तळाशी असते. कंबरेच्या रुंद हाडाच्या वरच्या कडेवर वाढीच्या काळात हाडाची एक पातळ टोपी तयार होते. ती बाहेरच्या टोकाकडून सुरू होऊन आतल्या बाजूला कण्याकडे सरकते आणि शेवटी मूळ हाडाला जुळते. जोसेफ रिसर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या या खुणेच्या ० ते ५ अशा पायऱ्या आहेत. ० म्हणजे टोपी दिसत नाही, वाढ बरीच शिल्लक आहे. ५ म्हणजे ती पूर्ण जुळली, वाढ संपली. बाक वाढतो तो प्रामुख्याने उंचीबरोबर, म्हणून २५ अंशांचा बाक रिसर ० असताना आणि तोच बाक रिसर ४ असताना यांत फार अंतर आहे. लॉन्स्टीन आणि कार्लसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० ते २९ अंशांचा बाक आणि रिसर ० किंवा १ असलेल्या मुलांपैकी ६८ टक्क्यांत बाक वाढला, तर तेवढाच बाक पण रिसर २ ते ४ असलेल्यांत २३ टक्क्यांत. २० अंशांखालचा बाक आणि वाढ बरीच झालेली असेल तर हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. यासाठीच डॉक्टर मुलीची पाळी कधी सुरू झाली, गेल्या वर्षात उंची किती वाढली, असे वरवर असंबद्ध वाटणारे प्रश्न विचारतात, आणि गरज वाटली तर हाताच्या पंजाचा फोटो काढून हाडांचे वय पाहतात. त्या प्रश्नांची उत्तरे तारखांसह लिहून न्यावीत.

किती वेळा, आणि किरणांची भीती

उंची झपाट्याने वाढत असते त्या काळात साधारण दर चार ते सहा महिन्यांनी आणि वाढ मंदावल्यावर त्याहून कमी वेळा फोटो घेतला जातो. प्रत्येक भेटीत फोटो हवाच असे नाही. बाक लहान असेल तर स्कोलिओमीटरने पाहून तो पुढे ढकलता येतो. किरणांची काळजी निराधार नाही. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात निदान झालेल्या ५,५७३ स्त्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रत्येकीचे सरासरी पंचवीसच्या आसपास एक्स-रे झाले होते आणि त्यांच्यात स्तनांच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त आढळले. ते फोटो जुन्या यंत्रांवर आणि बहुधा समोरून काढलेले होते. आजची मात्रा त्याच्या तुलनेत फारच थोडी असते. तरीही पीए मांडणी, बाजूचे फोटो टाळणे आणि एकाच तपासणीची पुनरावृत्ती न करणे या सवयी त्या अनुभवातूनच आल्या आहेत.

किरण अडवण्यासाठी अंगावर ठेवायच्या शिशाच्या झाकणाबद्दल अनेक पालक आग्रह धरतात. त्याबाबतची मते आता बदलली आहेत, कारण झाकण जागचे हलले तर नेमकी कंबरेची कड झाकली जाते, रिसरची खूण दिसत नाही आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. किरणांचा झोत आवश्यक तेवढाच अरुंद ठेवणे जास्त उपयोगाचे आहे. मोठ्या मुली व स्त्रियांनी गर्भारपणाची शक्यता असल्यास ती आधी सांगावी. एक्स-रे यंत्र चालवण्यासाठी मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि केंद्राकडे तो आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

याउलट, किरणांच्या भीतीने वर्षभर फोटोच न काढणे हे मला जास्त धोक्याचे वाटते. वाढीच्या झपाट्यातले ते एक वर्ष पुन्हा येत नाही.

एमआरआय आणि सीटी कोणाला

वयात येताना दिसणारा, उजवीकडे फुगलेला, न दुखणारा नेहमीचा बाक असेल तर एमआरआयची सरसकट गरज नसते. एमआरआयमध्ये किरणे नसतात हे खरे, पण तो आडवे झोपवून काढतात, म्हणून त्यावरून कॉब कोन ठरवत नाहीत. त्याचे काम हाडांच्या आतला मज्जारज्जू दाखवण्याचे आहे. छातीच्या भागातला बाक डावीकडे फुगलेला असणे, तो दहा वर्षांच्या आधी दिसणे, झपाट्याने वाढणे, हातापायांत कमजोरी किंवा बधिरपणा, खोकताना डोक्याच्या मागे कळ, लघवीवरचा ताबा जाणे, एका पावलाचा आकार बदलणे, कंबरेच्या खाली पाठीवर केसांचा पुंजका असणे, यांपैकी काही आढळले तर एमआरआय करावाच. त्यात मेंदूचा खालचा भाग मानेच्या पोकळीत उतरलेला, मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झालेली किंवा मज्जारज्जू खाली अडकून राहिलेला सापडू शकतो आणि मग आधी त्याचा विचार होतो. जन्मतःच मणक्यात दोष असलेल्या मुलांचाही एमआरआय केला जातो.

आपल्याकडे कमी खर्चाचे ‘होल स्पाइन स्क्रीनिंग’ करतात. त्यात बाजूने घेतलेले थोडेसेच छेद असतात आणि वाकलेला कणा त्या छेदांतून आतबाहेर होत राहतो. म्हणून कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत, समोरच्या पातळीतल्या छेदांसह पूर्ण तपासणी हवी, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे. यंत्राचा आवाज मोठा असतो आणि अर्धा-पाऊण तास न हलता राहावे लागते. लहान मुलांना त्यासाठी गुंगीचे औषध द्यावे लागते.

रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वजन घटणे किंवा मणक्यावर एकाच जागी टोकदार उंचवटा असेल तर तो साधा स्कोलिओसिस समजून थांबू नये. भारतात अशा वेळी मणक्याच्या क्षयाचा विचार प्रथम करावा लागतो आणि हाडातली लहान गाठही असे दुखणे व बाक निर्माण करते. सीटी स्कॅनमध्ये हाडांची रचना सर्वांत स्पष्ट दिसते, पण किरणांची मात्रा साध्या फोटोच्या अनेक पटींनी जास्त असते. म्हणून जन्मजात दोषाची रचना समजून घेणे किंवा शस्त्रक्रियेत स्क्रू कुठे बसवायचे ते ठरवणे, एवढ्यापुरताच तो राखून ठेवावा. नुसता बाक मोजण्यासाठी कोणी सीटी सांगितला तर दुसरे मत घ्यावे.

आकड्यांवरून पुढे काय होते

वाढ शिल्लक असताना साधारण २५ अंशांखाली लक्ष ठेवतात, २५ ते ४० अंशांच्या दरम्यान पट्टा म्हणजे ब्रेस देतात आणि ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते. वाढ संपल्यावर ३० अंशांखालचे बाक सहसा वाढत नाहीत, तर ५० अंशांपुढचे छातीच्या भागातले बाक प्रौढपणीही वर्षाला सुमारे एका अंशाने वाढू शकतात. ब्रेसचा उपयोग होतो का, या जुन्या वादावर २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ब्रेस घेतलेल्यांपैकी ७२ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ४८ टक्के मुले वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली. ज्यांनी तो रोज सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा त्याहून अधिक वापरला त्यांच्यात यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात गेले. मुंबई-कोकणच्या दमट उन्हाळ्यात तेरा तास कडक प्लॅस्टिक अंगावर वागवणे सोपे नाही. आत सुती बनियन आणि त्वचेची रोजची पाहणी यांवाचून ते निभत नाही.

ब्रेसच्या काळात फोटो दोन प्रकारचे असतात. ब्रेस नवा असताना तो घालूनच एक फोटो घेतात, कारण आत कणा किती सरळ होतो यावरून तो नीट बसला की नाही ते कळते. पुढचे फोटो ब्रेस काढून घेतले जातात आणि किती तास आधी काढायचा हे डॉक्टर सांगतात. कोणता फोटो कसा घेतला, ते फिल्मच्या कोपऱ्यात लिहून ठेवले नाही तर ब्रेसशिवायचे २८ आणि ब्रेस घालून आलेले १६ हे आकडे शेजारी ठेवून नको तो आनंद होतो. शस्त्रक्रिया ठरलीच तर दोन्ही बाजूंना वाकवून फोटो घेतात आणि त्यांवरून बाकाचा कोणता भाग लवचीक आहे व कोणता ताठर आहे हे पाहून किती मणके जोडायचे ते ठरते.

फिल्म आणि सीडी

प्रत्येक वेळी छापील फिल्मबरोबर डायकॉम स्वरूपातली, म्हणजे यंत्रावरचे मूळ डिजिटल चित्र असलेली, सीडी मागून घ्यावी, कारण छापताना चित्र लहान केले जाते आणि मूळ मोजमाप संगणकावरच्या चित्रावरच नीट होते. हल्लीच्या लॅपटॉपना सीडी घालायची सोयच नसते, म्हणून त्याच दिवशी ती पेनड्राइव्हवर उतरवून त्या फोल्डरला तारीख आणि मुलाची त्या दिवशीची उंची यांचे नाव द्यावे. मोबाईलने काढलेला फिल्मचा फोटो डॉक्टरांना कल्पना देण्यापुरता चालतो, कोन मोजायला चालत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात आणि त्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा देवघरातल्या समईजवळच्या कपाटात राहिल्या तर काळवंडतात. त्यांची घडी न घालता, मोठ्या पाकिटात, घरातल्या सर्वांत थंड कपाटात सपाट ठेवाव्यात. पहिली फिल्म तर मुलाची वाढ पूर्ण होईपर्यंत कोणालाही कायमची देऊ नये, कारण पुढच्या प्रत्येक फिल्मची तुलना तिच्याशीच व्हायची असते.